कूलरचं पाणी कुंडीत नको, आणि ऑक्सिजनचं फार मनावर घेऊ नका

जुळे सोलापुरातून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात सांगते. दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, बाल्कनी पश्चिमेला, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, घरात दीड वर्षाचं बाळ. दिवाळीनंतर मोबाईलवर रील बघून ‘ऑक्सिजन देणारी झाडं’ म्हणून हौसेने बारा कुंड्या आणल्या. आता एप्रिल संपत आला तर सात गेली. पीस लिली गेली, दोन्ही कॅलाथिया गेल्या, फर्न गेलं, अजून तीन गेली ज्यांची नावं त्यांना आठवत नाहीत. राहिलेत दोन स्नेक प्लांट, एक झेडझेड प्लांट, मनी प्लांट आणि अर्धमेला अरेका पाम. पाण्याची काटकसर म्हणून मार्चपासून कूलरच्या टाकीत उरलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी त्या कुंड्यांना घालतायत. सासूबाई म्हणतात झाडांनी डास होतात आणि रात्री झाडं कार्बन सोडतात, बाळाच्या खोलीतून आधी हलवा. मे महिन्यात पंधरा दिवस मंगळवेढ्याला गावी जायचंय, तेव्हा काय करायचं तेही विचारलंय. आणि शेवटी, ‘माझ्या हातालाच गुण नाही का?’

ताई, हाताचा गुण राहू द्या, आधी कुंडी बघा. तुम्ही लिहिलंय की पानांच्या कडा तपकिरी कुरकुरीत झाल्या आणि मातीवर पांढरी बुरशी आली. ती बुरशी नसावी असं मला वाटतंय. नखाने खरवडून बघा. बुरशी असेल तर मऊ, तंतूतंतू लागेल. आणि कडक पापुद्रा निघाला, बोटात चुरगळल्यावर त्याची रवाळ पूड झाली, कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पण तसेच पांढरे ओघळ दिसले, तर ते क्षार आहेत, आणि ते तुम्ही स्वतःच रोज मापाने घालत होतात.

कूलरमध्ये होतं काय, की पाणी उडतं ते नुसतं पाणी उडतं, त्यातले क्षार टाकीतच राहतात, मग आपण वरून परत बादली ओततो, तेही उडतं, त्याचेही क्षार खालीच, असं आठवडाभर चाललं की तळाला उरलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं झालेलं असतं. कूलरच्या गवतावर पांढरा थर चढतो तो याचाच. त्यात बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं तेच, मशीनने चांगलं पाणी तुम्हाला दिलं आणि क्षार त्या पाईपमधून बाहेर काढले. त्या पाण्याने फरशी पुसा, संडासात टाका, कूलरमध्ये मात्र नको, गवत अजून लवकर बसेल. आणि कुंडीत तर अजिबात नको.

मातीत क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं. पान सुकतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून घालतो तेच पाणी, आणि मग एक दिवस झाड मान टाकतं. तुमची निम्मी तरी झाडं अशी गेली असणार.

आता उपाय. वरचा बोटाच्या पेरभर मातीचा थर खरवडून फेकून द्या, तिथे नवीन माती घाला. मग कुंडी धुवायची, म्हणजे कुंडीच्या मापाच्या दुप्पट चांगलं पाणी हळूहळू वरून ओतून खालच्या भोकातून जाऊ द्यायचं. पाच लिटरच्या कुंडीला दहा लिटर. पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घरात हे सांगताना मलाच कसंतरी होतंय, म्हणून ज्या झाडाचं अगदी अडलंय त्यालाच आत्ता करा, बाकीच्यांना जूनपर्यंत नुसतं साधं पाणी द्या आणि पहिले दोन-तीन पाऊस लागले की ढगाळ दिवस बघून सगळ्या कुंड्या पावसात ठेवून द्या. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, फुकटात धुऊन निघतील.

मग घालायचं कोणतं पाणी? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, तेही मीठ न घातलेलं. एसी असेल तर एसीचं पाणी, ते हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार नसतात, बादली लावून ठेवा. आणि नळाचं तर आहेच.

नळावरून आठवलं, आपल्याकडे एक गंमत होते. नळ आला की बाईमाणूस सगळं भरून घेतं, पिंप, हंडे, बादल्या, आणि उरलं की ‘आज पाणी आहे’ म्हणून झाडांना पण भरभरून. चार दिवस कोरडं, पाचव्या दिवशी पूर. पाणी आलंय म्हणून झाडाला तहान लागत नाही हो. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर सोडून द्या. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तर पूर्ण कोरडं झाल्यावर अजून आठवडाभर थांबलात तरी काही बिघडत नाही, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळच्या, म्हणजे जानेवारीतल्या थंडीत महिन्यातून एकदा पाणी पुरतं. घरातली झाडं आपण तहानेने मारतो त्यापेक्षा लाडाने जास्त मारतो, हे कुठलाही नर्सरीवाला सांगेल.

आता ऑक्सिजन आणि शुद्ध हवेचं. हे सगळं रील प्रकरण सुरू कुठून झालं तर 1989 साली नासाने एक प्रयोग केला होता, बिल वॉल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा. बंद पेटीत झाड ठेवलं, त्यात बेन्झिन, फॉर्मल्डिहाईड असले घातक वायू सोडले आणि ते किती कमी होतात ते मोजलं. कमी झाले, खोटं नाही ते. पण ती पेटी हवाबंद होती आणि तुमचं घर हवाबंद नाही, दार उघडं, खिडकी उघडी, कूलरला तर खिडकी उघडी लागतेच. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर निघालं असं की खिडकीतून सहज जी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये माणसांनी बसायचं कुठे? तेव्हा हवा शुद्ध करायला खिडकी उघडा, झाड त्यासाठी आणू नका.

सासूबाईंचं कार्बनचं पण त्याच मापाने बघा. रात्री झाडं श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साईड सोडतात हे शाळेच्या पुस्तकातलं अगदी बरोबर आहे, पण एका कुंडीतलं झाड सोडतं तो शेजारी झोपलेल्या माणसाच्या मानाने नगण्य. झाड काढायचं तर आधी घोरणाऱ्याला काढावं लागेल. स्नेक प्लांट उलट रात्रीच पानांची तोंडं उघडून कार्बन डायऑक्साईड आत घेतो, कोरड्या मुलखातल्या झाडांची ती सवय आहे, दिवसा तोंड उघडलं तर पाणी उडून जाईल ना. पण त्यामुळे खोलीत ऑक्सिजनचा पाऊस पडतो असंही नाही.

मग झाडं ठेवायचीच कशाला, असं विचाराल. 1984 मध्ये रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने एक अभ्यास छापला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर नुसती विटांची भिंत असलेल्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याच्या जालीम गोळ्या कमी लागल्या. ती झाडं कुंडीतली नव्हती, बाहेरची होती, पेशंटही थोडेच होते, तेव्हा त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता पडदे ओढून अंधारात बसलेल्या सोलापुरी घरात कोपऱ्यात काहीतरी हिरवं असलं की डोळ्याला बरं वाटतं, याला मला तरी कुठला प्रयोग लागत नाही. शिवाय बाळ बघतं ना, नवीन पान कसं सुरळी करून येतं आणि दोन दिवसांनी उलगडतं ते.

डासांबाबतीत मात्र सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे, ऐका त्यांचं. दोष झाडाचा नसतो, कुंडीखालच्या ताटलीचा असतो. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून ताटली नुसती ओतून देऊन उपयोग नाही, आठवड्यातून एकदा घासणीने घासून उन्हात वाळवायची. पाण्याच्या पिंपांचा कोरडा दिवस पाळता तसाच ताटल्यांचा पाळा. मनी प्लांट बाटलीत ठेवला असेल तर त्याच दिवशी त्याचं पाणी बदला, नाहीतर सरळ मातीत लावा.

आणि बाळ रांगतंय-चालतंय म्हणून अजून एक. मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली, डायफेनबेकिया, यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे खडे असतात, बाळाने चावलं तर तोंड-जीभ जळजळते, सुजते. उंचावर ठेवा किंवा टांगा, आणि खाली लोंबणाऱ्या वेली कापून टाका. स्नेक प्लांट पण पोटात जायला नको, उलट्या होतात. बाळाच्या हाताला येईल असं काही ठेवायचंच असेल तर स्पायडर प्लांट ठेवा, त्याची पानं विषारी नाहीत.

आता जरा तुमची मेलेली आणि जगलेली झाडं शेजारी-शेजारी मांडून बघा, त्यातच उरलेलं उत्तर आहे. कॅलाथिया, पीस लिली दक्षिण अमेरिकेकडच्या दमट जंगलातल्या, मोठ्या झाडांच्या बुडाशी सावलीत वाढणाऱ्या. फर्नलाही तसलीच ओल लागते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी 42-43 डिग्री, हवा खडखडीत कोरडी, त्यांना हा छळच. जगलं काय, तर स्नेक प्लांट, जो पश्चिम आफ्रिकेतला, जाड पानांत पाणी धरून ठेवणारा, आणि झेडझेड, जो पूर्व आफ्रिकेतला, मातीखाली बटाट्यासारखे कंद करून त्यात पाणी साठवून ठेवतो. तो तर पाचव्या दिवशी येणाऱ्या नळासाठीच जन्मलाय जणू. मनी प्लांट पॅसिफिकमधल्या बेटावरचा, पण चिवट, तो कुठेही जगतो. पुण्या-मुंबईच्या लोकांची रील बघून सोलापूरची बाग लावायला गेलं की असंच होणार. त्यात नर्सरीत झाड ग्रीन नेटखाली, सकाळ-संध्याकाळ फवारा खात वाढलेलं असतं, आंध्रात गोदावरीकाठी कडियम म्हणून नर्सऱ्यांचं मोठं गाव आहे, तिथून देशभर रोपं जातात, तिथली दमट हवा आणि आपली हवा यात जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा नर्सरीत गेलात की ‘ऑक्सिजनवालं द्या’ म्हणू नका, ‘पाणी पाचव्या दिवशी येतं, काय जगेल’ असं विचारा, माणूस सरळ वेगळ्या रांगेकडे नेईल.

पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन असतं, भिंत रात्री नऊपर्यंत गरम. तिथे घरातली सावलीची झाडं ठेवूच नका, तिथे उन्हाची झाडं लावा. बोगनवेल लावा की! तिला पाण्याचा थोडा ताण पडला की उलट जास्त फुलते. अडेनियम चालेल, पण त्याचा चीक विषारी, बाळापासून लांब. सदाफुली, चिनी गुलाब, कोरफड, सगळी ऊन खाणारी मंडळी. 50 टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी ग्रीन नेट मार्चमध्येच बांधायची, मे महिन्यात बांधून फक्त समाधान. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात इतक्या तापतात की मुळं शिजतात, त्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा. पाणी पहाटे घाला. दुपारी पाईप उघडलात तर पहिलं पाणी चहाला चालेल एवढं कढत येतं.

मातीचं सांगते, कारण तुम्ही मंगळवेढ्याला चाललाय आणि येताना शेतातली काळीभोर माती पिशवीत भरून आणायचा मोह होणार, माहितीय मला. ती माती ज्वारीला सोनं आहे, ओल धरून ठेवते म्हणून तर तिथे मालदांडी ज्वारी नुसत्या साठलेल्या ओलीवर येते. पण कुंडीत तीच माती नुसती भरली तर ओली असताना चिकट आणि वाळली की आकसते, कुंडीची कड सोडते. मग तुम्ही पाणी घालता ते त्या फटीतून सरळ खाली ताटलीत, आणि मधला गोळा आतून कोरडा ठणठणीत. वरून बघणाऱ्याला वाटतं झाड पाणी प्यालं. म्हणून काळी माती तिसरा हिस्सा, तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि राहिलेल्यात जाड वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. स्नेक प्लांट-झेडझेडला वाळू अजून वाढवा. कोकोपीट आधी भिजवून घ्या, कोरडं घातलं तर ते पाणी लवकर घेत नाही.

आणि वरून भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पसरा, दोन बोटं जाडीचा थर. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना काय तोटा! खारवलेल्या शेंगांची मात्र नको, परत मीठच. टरफलांनी माती झाकली की ऊन थेट लागत नाही, पाणी कमी उडतं, बाल्कनीतल्या झाडांना तर फरक लगेच कळतो. खोडाला चिकटवून घालू नका, बोटभर जागा सोडा, आणि वाळवी दिसली तर सगळी काढून टाका. कुंडी बदलणं, छाटणी, खत, हे सगळं आत्ता नको हं, जून-जुलैपर्यंत थांबा. उन्हाळ्यात झाडाला फक्त तग धरू द्या.

आता तुमचे पंधरा दिवस. स्नेक प्लांट आणि झेडझेडला निघायच्या आदल्या दिवशी पाणी द्या, खिडकीच्या उन्हापासून आत सरकवा आणि विसरून जा. मनी प्लांट आणि अरेकासाठी जुना सोलापुरी टॉवेल काढा, तो जाड टर्किश, नवीन नको, सात-आठ वेळा धुतलेला असला की पाणी चांगलं ओढतो. बाथरूममध्ये, जिथे व्हेंटिलेटरचा उजेड येतो तिथे, फरशीवर विटा मांडून त्यांच्यावर एक फळी टाका, टॉवेल पूर्ण भिजवून तिच्यावर अंथरा, शेजारी खाली फरशीवर पाण्याचा पसरट टब ठेवा, पाणी फळीपेक्षा थोडं खालीच हवं, वर असलं तर टॉवेलवरून सगळं वाहून जाईल, आणि टॉवेलचं एक टोक त्या टबात तळापर्यंत सोडा. कुंड्यांच्या ताटल्या काढून टाका आणि आधी पाणी दिलेल्या कुंड्या टॉवेलवर दाबून बसवा, खालचं भोक टॉवेलला टेकलं पाहिजे. माती तिला लागेल तेवढं पाणी खालून ओढत राहते. टब फडक्याने घट्ट बांधून झाका, टॉवेलचं टोक जाईल एवढीच फट, नाहीतर परत आल्यावर सासूबाईंना डासांचा पुरावाच मिळेल. निघायच्या चार दिवस आधी एकदा लावून बघा, पाणी किती उतरतं ते कळेल, त्यावरून टब केवढा घ्यायचा ते ठरवा. शेजारच्या काकूंना चावी द्यायचा पर्याय आहेच, पण काकू प्रेमळ असतील तर रोज पाणी घालतील, तेव्हा त्यांना फक्त बोगनवेल-सदाफुलीची बाल्कनी दाखवा, घरातली झाडं दाखवूच नका.

राहिला अर्धमेला अरेका. त्याच्या पानांच्या खालच्या बाजूला भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, बारीक जाळी आणि हलणारे लालसर ठिपके दिसतायत का. कोरड्या उन्हाळ्यात कूलर-पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेल्या अरेकावर लाल कोळी ही कीड हमखास येते. असेल तर बाथरूममध्ये नेऊन पानं खालून वरून पाण्याने जोरात धुवा, आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब ढवळून फवारा, आठवड्याने परत एकदा. वाळलेली पानं बुडातून कापा, मधला शेंडा मात्र कापू नका, पाम तिथूनच वाढतो. शेंड्यातून नवीन हिरवं पातं निघालं तर झाड वाचलं. नाहीच निघालं तर जूनमध्ये कुंडी रिकामी करा, माती बदला, बाल्कनीत ठेवा आणि त्यात गवती चहाचा गड्डा लावा, त्याला ऊन चालतं आणि घरात दोन वेळचा चहा होतोच.